बेन वेब्स्टरचा टेनर आणि सुरात मिसळलेली फुंक

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला कान लहानपणापासून हिंदुस्थानी संगीतावर तयार झाला. जॅझकडे वळल्यावर आपण टेनर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकला आणि तो लगेच भावला, कारण त्याच्या वादनातला तानांसारखा वेग आणि सुराची धार आपल्याला ओळखीची वाटली. मग कोणीतरी आग्रह केला म्हणून बेन वेब्स्टर लावला, तर तिथे सुरापेक्षा हवाच अधिक ऐकू आली. स्वर मोजके, चाल संथ आणि प्रत्येक स्वराच्या कडेला फुंकेचा आवाज. ज्या दोषासाठी आपल्याकडे गुरुजी पहिल्या महिन्यातच शिष्याला थांबवतात, तोच दोष ज्याच्या वादनात भरून आहे त्याला टेनर सॅक्सोफोनच्या थोर वादकांमध्ये का गणतात, असे आपण विचारले आहे. आपण स्वतः नुकताच टेनर हाती घेतला असल्याने तसा आवाज येण्यासाठी कोणता माउथपीस, म्हणजे वाद्याचा तोंडात धरायचा भाग, घ्यावा, हेही विचारले आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ टेनर वाजवतो आणि शिकवतो. या काळात ज्या वादकाकडे मी सर्वाधिक वेळा परत गेलो तो वेब्स्टरच आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आपण ऐकलेली हवा खरीच आहे, मात्र ती गळती नाही. गायकाच्या आवाजात हवा येते असे आपण म्हणतो तेव्हा दम सुरात पुरता उतरत नसतो, म्हणून सूर पोकळ होतो आणि लांबवला की उतरू लागतो. वेब्स्टरच्या बाबतीत याच्या उलट घडते. त्याचा सूर आधी पूर्ण भरलेला असतो, मग त्याचा गाभा हळूहळू मागे सरतो आणि फुंक उरते. परंतु हे सर्व होत असताना सूर आपली जागा सोडत नाही. जिथे तो स्वर खाली ओढतो, तिथे ती ओढ मिंडेसारखी ठरवून घेतलेली असते. दम कमी पडल्यामुळे सूर उतरला, असे त्याच्या बहराच्या काळातील वादनात मला कधी आढळले नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, त्याचा स्वर कसा लागतो याकडे लक्ष द्याच, पण त्याहून अधिक लक्ष तो स्वर कसा संपतो याकडे द्या. सतारीवर मिजराब पडल्यानंतर तारेत जी आस राहते, तिच्यावर सतारवादकाचे कसब जोखले जाते, हे आपल्याला ठाऊक आहेच. फुंकेच्या वाद्याला तशी आस निसर्गतः नसते, कारण फुंक थांबली की नाद थांबतो. वेब्स्टरने टेनरला आस दिली, असे मी मानतो.

हे नेमके कसे घडते ते वाद्याच्या बाजूने सांगतो. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, आणि माउथपीसवर बांधलेली वेताची रीड कंप पावून आतला हवेचा स्तंभ जागा करते. जोरात फुंकले की रीड प्रत्येक कंपनात माउथपीसच्या कडेवर पूर्ण मिटते आणि उघडते. त्या आपटण्यातून वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक उंच नाद, भरपूर निर्माण होतात आणि आवाजाला चमक येते. टेनरचा सर्वांत खालचा स्वर साधारण १०४ हर्ट्झचा असतो. तो आणि त्याच्या आसपासचे स्वर हलके वाजवणे हे या वाद्यावरचे अवघड काम आहे, कारण शंकूच्या रुंद भागाला जागे करण्यासाठी जोर लावावा लागतो आणि जोर लावला की स्वर भोंग्यासारखा सुटतो. यावरचा उपाय म्हणजे वादक ज्याला सबटोन म्हणतात ती रीत. खालचा ओठ जरा बाहेर घ्यायचा, जबडा सैल सोडायचा आणि ओठाचा मऊ भाग रीडवर अधिक टेकू द्यायचा. त्यामुळे वरचे उपस्वर दबतात, रीड पूर्ण मिटत नाही, मूळ स्वर गडद होतो आणि न मिटलेल्या फटीतून जाणारी फुंक त्याच्यासोबत ऐकू येते. सबटोन वेब्स्टरच्या आधीही होता आणि त्याच्या काळातल्या बहुतेक टेनरवादकांना येतही होता. खालच्या स्वरांच्या सोयीची ही युक्ती त्याने तिच्या जागेतून बाहेर काढली आणि भरलेल्या सुरापासून निव्वळ फुंकेपर्यंत जाणारी एक सलग उतरण करून ती संपूर्ण वाद्यावर वापरली. हे त्याचे स्वतःचे काम होते.

त्या उतरणीवर कंपही, म्हणजे स्वराचे ठरवून केलेले हेलकावणे, असतो. वेब्स्टर ज्याच्या प्रभावाखाली घडला त्या टेनरवादक कोलमन हॉकिन्सचा कंप स्वर लागल्यापासून जवळजवळ एकसारखा चालतो. वेब्स्टर संथ गीतात स्वर बहुधा सरळ लावतो, मध्यावर जबड्याचा कंप सुरू करतो, आणि सूर जसजसा विरतो तसतसा तो कंप अधिक रुंद आणि मंद होऊ देतो. शेवटी कंप फक्त हवेत उरतो आणि तरीही तो ऐकू येतो. पहिल्यांदा हे ध्यानात आले तेव्हा मी ती एकच जागा किती तरी वेळा लावून ऐकली होती, कारण स्वर थांबल्यावरही लय चालू ठेवता येते ही गोष्ट तोवर मला कोणत्याही पाठात मिळाली नव्हती.

आता तो इथवर कसा पोहोचला ते पाहू. वेब्स्टर १९०९ मध्ये मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटीत जन्मला. लहानपणी तो व्हायोलिन शिकला, नंतर पियानोकडे वळला आणि टेक्ससमधील अमारिलो येथे मूकपटांसाठी पियानो वाजवत असे. सॅक्सोफोनची प्राथमिक ओळख त्याला बड जॉन्सनने करून दिली आणि पुढे टेनरवादक लेस्टर यंगच्या वडिलांच्या वाद्यवृंदात तो तयार झाला. वेब्स्टर आणि लेस्टर यंग एकाच वर्षी जन्मलेले, एकाच घरच्या वाद्यवृंदात वाढलेले, आणि तरीही दोघांचे नाद दोन टोकांचे आहेत. लेस्टरचा टेनर हलका, कोरडा आणि कमी कंपाचा आहे. वेब्स्टर मात्र तरुणपणी हॉकिन्सच्या प्रभावाखाली होता. टेनर सॅक्सोफोनला जॅझमध्ये मानाचे स्थान मिळवून देणारा हॉकिन्स प्रत्येक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, उकलून दाखवत वाजवी, आणि त्याचा भरदार आवाज हाच त्या काळी या वाद्याचा आवाज समजला जाई. तो प्रभाव झटकायला वेब्स्टरला बरीच वर्षे लागली.

माझ्या समजुतीप्रमाणे तो सुटला तो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात. १९४० च्या आरंभी वेब्स्टर तिथे कायमचा दाखल झाला. तोवर एलिंग्टनकडे पहिल्या दर्जाचा खास टेनर एकलवादक नव्हता. सॅक्सोफोनच्या रांगेत त्याच्यासोबत जॉनी हॉजेस बसत असे. हॉजेस अल्टो, म्हणजे टेनरहून लहान आणि उंच आवाजाचा सॅक्सोफोन, वाजवी, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची रीत इतकी अखंड होती की, बोटांखाली चाव्या असलेल्या वाद्यावर ही मींड येते कशी, असा प्रश्न आपल्यासारख्या कानाला हटकून पडावा. वेब्स्टरने हॉजेसची ती मींड घेतली आणि टेनरच्या खर्जात उतरवली. त्या वर्षी जुलैमध्ये ध्वनिमुद्रित झालेली 'ऑल टू सून' ऐका. तिथे लॉरेन्स ब्राउनच्या ट्रॉम्बोनवर धून आल्यानंतर वेब्स्टर प्रवेश करतो, आणि हॉकिन्सचा शिष्य कुठे संपून वेब्स्टर कुठे सुरू झाला ते त्या एका आवर्तनात कळते. त्याच वर्षी मे महिन्यातील 'कॉटन टेल' मात्र पूर्णपणे वेगळ्या स्वभावाची आहे. गर्श्विनच्या 'आय गॉट रिदम' या गीताच्या कॉर्डवर बेतलेली ही द्रुत रचना आहे. तिच्यात वेब्स्टर दोन आवर्तने वाजवतो आणि त्यांत तो गुरगुरतो. हा गुरगुराट म्हणजे फुंकताना गळ्यातून स्वर काढून दोन्ही नाद एकमेकांवर घासणे. त्याला वादकांमध्ये 'ब्रूट' म्हणजे रासवट असे टोपणनाव होते. आपण त्याला संथ आणि मवाळ म्हणता, ते त्याच्या अर्ध्या भागाबद्दलच खरे आहे. ज्याला एवढी ताकद लावता येते तोच ती मागे घेतो तेव्हा त्या मागे घेण्याला वजन येते, आणि म्हणून 'कॉटन टेल' ऐकल्याशिवाय त्याच्या संथ गीतांविषयी मत बनवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण तिचा आपल्या तक्रारीशी थेट संबंध आहे. १९४० च्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या होत्या, एका बाजूस तीनेक मिनिटांचे संगीत मावे, आणि सुईची खरखर इतकी असे की स्वराच्या शेवटची बारीक फुंक तिच्यात बुडून जाई. १९५० च्या दशकात फितीवरील मुद्रण आणि लाँग प्ले तबकड्या रुळल्या, वाद्य मायक्रोफोनच्या अगदी जवळ आले, आणि जे पूर्वी फक्त समोरच्या दोन-तीन टेबलांपर्यंत पोहोचत असे ते घरोघर ऐकू जाऊ लागले. त्यामुळे वेब्स्टरच्या नादाचा खरा अभ्यास १९५३ नंतरच्या ध्वनिमुद्रणांवर करावा. हेच कारण आपल्या ऐकण्यालाही लागू आहे. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला टेनरचा खर्ज पेलत नाही. खर्ज गळाला की वर राहते ती केवळ फुंक, आणि मग हा माणूस हवाच वाजवतो असे वाटणे स्वाभाविक आहे. आपण कशावर ऐकले ते लिहिलेले नाही, परंतु चांगल्या हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवर, शांत खोलीत, एकदा पुन्हा ऐकून पाहावे अशी माझी विनंती आहे.

सुरुवात करायची ती १९५६ च्या सप्टेंबरमध्ये पियानोवादक आर्ट टेटमसोबत झालेल्या ध्वनिमुद्रणापासून. बास रेड कॅलेंडर आणि ड्रम बिल डग्लस यांचे आहेत. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच टेटम गेला. टेटमच्या बोटांचा वेग अचाट होता, आणि दुसऱ्याला साथ करताना तो गप्प बसत नसे. धबधब्यासारखे स्वर चालूच असत. अशा साथीत बहुतेक वादकांनी चढाओढ तरी केली असती किंवा दबून तरी गेले असते. वेब्स्टर यांपैकी काहीच करत नाही. 'माय वन अँड ओन्ली लव्ह' मध्ये टेटमचे वाजवून झाल्यावर तो आत येतो आणि गीताची मूळ चाल जवळजवळ आहे तशी वाजवतो. त्याने नवे स्वर फारसे घातलेले नाहीत. मात्र प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर पाहा. एक पूर्ण भरून सोडलेला आहे, दुसरा अर्ध्यावर फुंकेत उतरवलेला आहे, तिसरा किंचित उशिरा लागून खालून वर ओढलेला आहे. आपल्याकडे बडा ख्याल ऐकताना बंदिशीचे शब्द तेच असूनही मुखडा प्रत्येक वेळी निराळ्या लगावाने येतो, आणि जाणकार त्या लगावासाठी दाद देतात. वेब्स्टरला ऐकताना तीच दाद देणारी जागा कानात उघडी ठेवावी लागते. कोल्ट्रेन ऐकताना आपले लक्ष स्वर कोणते येतात आणि कोणत्या क्रमाने येतात यावर असते. ते त्याच्या संगीतासाठी योग्यच आहे. वेब्स्टरच्या संथ गीतांत चाल आधीच ठाऊक असते, आणि सगळी घडामोड एकेका स्वराच्या आत होते.

दुसरे ध्वनिमुद्रण १९५७ च्या ऑक्टोबरमधले, हॉकिन्स आणि वेब्स्टर या दोघांचे एकत्र. इथे गुरू आणि शिष्य एकाच गीतावर एकामागोमाग वाजवतात, त्यामुळे नादातील फरक शिकण्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही. 'इट नेव्हर एंटर्ड माय माइंड' लावा आणि कोण वाजवतो आहे ते न पाहता ओळखण्याचा प्रयत्न करा. हॉकिन्स वाक्य बांधत पुढे जातो, त्याच्या आवाजाची कड सतत जाणवते. वेब्स्टरच्या वाक्यात विराम अधिक आहेत, आणि विरामाच्या आधीचा स्वर कुठे थांबला हे बोट ठेवून सांगता येत नाही. माझे विद्यार्थी दोन-तीन वेळा ऐकल्यावर बिनचूक ओळखू लागतात. याच्या आदल्याच दिवशी पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या मंडळींसोबत वेब्स्टरने 'सोलव्हिल' ही तबकडी केली. तिच्यातील 'व्हेअर आर यू' आणि 'इल विंड' ही दोन गीते रात्री उशिरा ऐकण्याजोगी आहेत. पीटरसनसोबतच १९५९ मध्ये केलेले 'इन द वी स्मॉल अवर्स ऑफ द मॉर्निंग' हे माझे सर्वांत लाडके आहे.

वेब्स्टरविषयी वादकांमध्ये एक गोष्ट सांगितली जाते की, एका संथ गीताच्या मध्येच तो थांबला, आणि का थांबलास असे विचारल्यावर गीताचे शब्द विसरलो असे म्हणाला. गोष्ट घडली असो वा नसो, ती त्याला शोभणारी आहे. त्याच्या वादनात शब्दांचे श्वास ऐकू येतात. जिथे गाणारी व्यक्ती श्वास घेईल तिथेच तो घेतो, आणि जिथे शब्दाचा शेवट व्यंजनाऐवजी स्वरावर होतो तिथे तो आवाज लांबवतो. १९५७ च्या जानेवारीत गायिका बिली हॉलिडेने जी गीते ध्वनिमुद्रित केली त्यांत तो तिच्या मागे वाजवतो, ते यासाठी जरूर ऐकावे. तिचा आवाज तोवर थकला होता, आणि वेब्स्टर तिच्या ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत दोन-चार स्वर ठेवून बाजूला होतो. संगतीच्या हार्मोनियमवादकाने गायकाच्या आवाजावर न चढता भरणा कसा करावा, याचा वस्तुपाठ म्हणून मी ही ध्वनिमुद्रणे हार्मोनियम वाजवणाऱ्या मित्रांनाही ऐकवली आहेत.

साठच्या दशकाच्या मध्याला तो युरोपात गेला आणि राहायला म्हणून पुन्हा अमेरिकेत परतला नाही. ॲमस्टरडॅम आणि कोपनहेगन ही त्याची शेवटची घरे. १९६५ च्या जानेवारीत कोपनहेगनच्या मोंमार्त्र या जॅझगृहात केनी ड्रूचा पियानो, त्या वेळी अठरा वर्षांचा असलेला नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसनचा बास आणि ॲलेक्स रील याचे ड्रम घेऊन केलेले वादन मुद्रित आहे. त्या काळात द्रुत रचनांतला त्याचा दम उणावला होता, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र संथ गीतांत तो आणखी कमी स्वरांवर आला आणि फुंकेचा वाटा वाढला. काही समीक्षकांना हे वय झाल्याचे लक्षण वाटते. मला वाटते की, वय झाले म्हणून त्याने जे टाकले ते टाकण्याजोगेच होते. १९७३ च्या सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे त्याचे अखेरचे वादन झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी ॲमस्टरडॅममध्ये तो वारला. त्याची कबर कोपनहेगनमध्ये आहे आणि त्या शहरातल्या एका रस्त्याला त्याचे नाव दिलेले आहे.

आता माउथपीसबद्दल. वेब्स्टर १९३८ साली घेतलेला सेल्मर टेनर अखेरपर्यंत वाजवत राहिला. तो आज अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या जॅझ अभ्यास संस्थेत जपून ठेवलेला आहे. माउथपीस ऑटो लिंक या बनावटीचा, धातूचा, रुंद तोंडाचा, म्हणजे रीड आणि टोक यांमधली फट मोठी असलेला होता. आता हे लक्षात घ्या की, आपल्याला ज्याची धार आवडली तो कोल्ट्रेनही सेल्मर टेनर आणि ऑटो लिंकचा धातूचा माउथपीसच वाजवत असे. एकाच जातीच्या साधनांतून हे दोन आवाज निघाले, यावरून साधनाचा वाटा किती ते ठरवता येईल. रुंद तोंडाचा माउथपीस नवशिक्याच्या हाती गेला तर ओठ थकतो, सूर हलतो, आणि मग जी हवा येते ती खरोखरच गळती असते. आपण मध्यम तोंडाचा, कडक रबराचा माउथपीस आणि दोन किंवा अडीच क्रमांकाची रीड यांवर वर्षभर राहावे, असे मी सुचवतो.

पैसे खर्च करण्याऐवजी रोज दहा मिनिटे असे करून पाहा. समोर ट्यूनर ठेवा. दुसऱ्या रेषेवरचा 'जी' भरून वाजवा आणि चार मात्रा तसाच धरा. पुढच्या चार मात्रांत फुंक कमी न करता जबडा सैल करा आणि खालचा ओठ हळूहळू बाहेर येऊ द्या, म्हणजे सुराची चमक जाऊन तो गडद होईल. त्यापुढे रीडचा आवाज थांबू द्या, पण फुंक मात्र आणखी दोन मात्रा वाद्यातून जाऊ द्या आणि तिचा शेवट मात्रेवरच करा. मग एकेक स्वर खाली उतरत सर्वांत खालच्या 'बी फ्लॅट' पर्यंत जा. सुरुवातीला सूर गडद होताच ट्यूनरची सुई खाली पडेल. बहुधा त्या क्षणी आपण ओठासोबत पोटाचा आधारही सोडलेला असतो. माझी सुई जागेवर राहायला जवळपास दीड वर्ष लागले, आणि खालचा 'सी' तर त्याहूनही उशिरा वश झाला.